कल्ल्यांतून नदीची ओळख : माशांच्या ऊतकांचा सूक्ष्मदर्शी अभ्यास

वाराणसीच्या पंचगंगा घाटाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. घाटाच्या वरच्या अंगास बिंदुमाधवाचे देवालय आहे, पायऱ्यांजवळ अहिल्याबाई होळकर यांच्या नावाशी जोडला जाणारा दगडी दीपस्तंभ उभा आहे आणि दुर्गा घाट, ब्रह्मा घाट या शेजारच्या वस्त्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच प्रवाहांचा येथे संगम होतो अशी श्रद्धा आहे. डोळ्यांना दिसते ती मात्र एकटी गंगा. कार्तिकात येथे बांबूंच्या टोकांवर आकाशदिवे चढविले जातात आणि त्याच पाण्यात पहाटे स्नानार्थी उतरतात, नावाडी नावा सोडतात, मासेमार जाळी टाकतात.

वाराणसीत गंगा उत्तरवाहिनी आहे. पंचगंगा घाट मणिकर्णिकेच्या उत्तरेस, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगास येतो. अस्सीपासूनचे बहुतेक घाट ओलांडून आलेले पाणीच त्याच्या पायऱ्यांना लागते. हे पाणी कसे आहे, हा प्रश्न नवा नाही. गंगा कृती योजनेचा प्रारंभ १९८६ साली याच शहरात झाला आणि पुढे ‘नमामि गंगे’ कार्यक्रम आला. या काळात पाण्याची तपासणी प्रामुख्याने रासायनिक व सूक्ष्मजैविक कसोट्यांवर झाली. स्नानयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा आणि जैवरासायनिक प्राणवायू मागणी ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, अशी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मर्यादा आहे. मत्स्यजीवनासाठी विरघळलेला प्राणवायू किमान ४ मिलिग्रॅम आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपर्यंत अशी निराळी मर्यादा आहे. हे आकडे आवश्यक आहेत, पण त्यांना एक अंगभूत मर्यादा आहे : बाटलीत भरलेले पाणी फक्त त्या घटकेचे असते.

ही मर्यादा किती महत्त्वाची आहे हे तळ्याच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येते. शेवाळ दाट झालेल्या तळ्यात दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे प्राणवायू भरपूर असतो. रात्रभर शेवाळ, मासे व जिवाणू तो वापरत राहतात आणि पहाटे, सूर्योदयाच्या थोडे आधी, तो नीचांकास पोहोचतो. मासे गुदमरतात ते त्या वेळी. तपासणीस जाणारा कर्मचारी सकाळी अकरा वाजता नमुना घेतो आणि अहवालात प्राणवायू समाधानकारक असल्याचे लिहितो. अहवाल खोटा नसतो, केवळ उशिराचा असतो. नदीत रात्री सोडलेल्या सांडपाण्याचीही हीच गत होते. ते सकाळपर्यंत काही किलोमीटर पुढे निघून गेलेले असते.

मासा मात्र त्या पाण्यात अहोरात्र राहिलेला असतो. पाण्यातील प्रत्येक बदल त्याच्या शरीरावर काही ना काही खूण करून जातो आणि या खुणा पेशींच्या रचनेत काही दिवस ते काही आठवडे टिकतात. त्या वाचण्याचे शास्त्र म्हणजे ऊतकविज्ञान. समान कार्य करणाऱ्या पेशींचा समूह तो ऊतक. शालेय पुस्तकांत त्यालाच ऊती म्हटले आहे. शरीर अशा ऊतकांचे बनलेले आहे हा विचार फ्रेंच वैद्य बिशा याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडला. विशेष म्हणजे त्याचा सूक्ष्मदर्शकावर विश्वास नव्हता. एकवीस प्रकारचे ऊतक त्याने नुसत्या डोळ्यांनी व शवविच्छेदनाने वेगळे केले.

माशाच्या शरीरात नदीची नोंद सर्वांत आधी उमटते ती कल्ल्यांवर. हवेच्या एका लिटरमध्ये अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू असतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात, पाणी पूर्ण संपृक्त असले तरी, तो लिटरला सुमारे साडेसात मिलिग्रॅमच मावतो. इतक्या अल्प साठ्यावर जगायचे तर पाण्याशी संपर्काचा पृष्ठभाग प्रचंड हवा आणि रक्त व पाणी यांमधील पडदा अत्यंत पातळ हवा. रोहू किंवा कटला माशाचे कल्लाआवरण उचलले की प्रत्येक बाजूस चार लाल कमानी दिसतात. प्रत्येक कमानीवर तंतूंच्या दोन रांगा असतात. हा एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्याच्या दोन्ही कडांना फणीच्या दात्यांसारख्या पातळ पटलिका उभ्या दिसतात. पटलिकेच्या आत रक्त वाहते, बाहेरून पाणी वाहते आणि दोहोंमध्ये चपट्या उपकला-पेशींचा काही मायक्रॉन जाडीचा पडदा असतो. पटलिकेच्या दोन्ही भिंती एकमेकींपासून ठरावीक अंतरावर राहाव्यात म्हणून आत स्तंभपेशी असतात, घराच्या माळ्याला टेकू द्यावेत तशा. पटलिकांच्या मुळाशी शरीरातील क्षारांचा तोल राखणाऱ्या क्लोराइड पेशी आणि बुळबुळीत स्राव करणाऱ्या श्लेष्मपेशी असतात.

पाणी बिघडले की या रचनेत जे घडते ते मोठे विलक्षण आहे. पुष्कळदा पहिला बदल हा इजेचा नसून बचावाचा असतो. श्लेष्मपेशी वाढतात आणि पटलिकांवर स्रावाचा थर चढतो. मुळाशी असलेल्या पेशींची संख्या वाढून पटलिकांमधली जागा भरत जाते आणि शेजारच्या पटलिका एकमेकींस चिकटतात. उपकलेच्या खाली द्रव साचून ती रक्तवाहिन्यांपासून उचलली जाते. हे सारे बदल एकाच दिशेचे आहेत : विषारी पाणी व रक्त यांमधले अंतर वाढविणे. परंतु जो पडदा विषाला अडवितो तोच प्राणवायूलाही अडवितो. पाण्यात प्राणवायू पुरेसा असूनही अशा माशाच्या रक्तापर्यंत तो पुरेसा पोहोचत नाही. शेतकरी सांगतो की मासे वर येऊन तोंड उघडमीट करतात, पण मीटर तर पाच मिलिग्रॅम दाखवितो. त्या कोड्याचे उत्तर अनेकदा पटलिकांच्या या जाड झालेल्या पडद्यात असते. आघात तीव्र असेल तर स्तंभपेशी तुटतात, पटलिकेत रक्त फुग्यासारखे साचते आणि शेवटी पेशी मरून झडू लागतात. पटलिका काहीशी जाड झालेली असेल तर पाणी सुधारल्यावर ती पूर्ववत होऊ शकते. स्तंभपेशी फुटून रक्ताचे फुगे झाले असतील तर ते नुकसान सहजासहजी भरून निघत नाही.

कल्ल्यांखालोखाल यकृत व वृक्क पाहिले जातात. कार्प कुळातील माशांच्या यकृतात स्वादुपिंडाचे ऊतकही विखुरलेले असते, त्यामुळे नवख्या अभ्यासकास ते प्रथम रोगाचेच लक्षण वाटते. यकृतपेशींत चरबीची पोकळ वर्तुळे दिसली तर ती विषबाधेची असू शकतात, तशीच तळ्यात खाद्य जास्त टाकल्याचीही असू शकतात. वृक्क व प्लीहा यांत पिवळसर तपकिरी रंगद्रव्य साठविणाऱ्या पेशींचे पुंजके असतात. ताण वाढला की ते वाढतात, पण वयानेही वाढतात.

या क्षेत्रात वाराणसीचे स्वतःचे असे काम आहे आणि त्याची माहिती मत्स्यसंवर्धकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. पंचगंगा घाटापासून काही किलोमीटर दक्षिणेस असलेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात माशांच्या त्वचेच्या ऊतकरचनेवर अनेक दशके संशोधन झाले. मित्तल आणि बॅनर्जी यांनी १९७५ साली मरळ माशाच्या त्वचेची रचना व ऊतकरसायन यांवरील निबंध प्रसिद्ध केला. पुढे बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तरेत ज्याला सिंघी म्हणतात त्या माशावर जड धातूंच्या क्षारांचा परिणाम तपासला. मर्क्युरिक क्लोराइडमुळे त्याच्या बाह्यत्वचेत होणारे बदल राजन व बॅनर्जी यांनी १९९१ साली मांडले. जस्त व शिसे यांच्या क्षारांवरील कामही याच परंपरेतले.

सिंघीची निवड मोठी समर्पक आहे. या माशाच्या अंगावर खवले नसतात, त्यामुळे त्वचा थेट पाण्याला भिडलेली असते. शिवाय त्याला कल्ल्यांच्या पोकळीतून निघून शेपटीच्या दिशेने स्नायूंमध्ये शिरणाऱ्या दोन लांब वायुपिशव्या असतात. त्यांच्या साहाय्याने तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो आणि प्राणवायू संपलेल्या डबक्यातही तग धरतो. म्हणून सिंघी जिवंत आहे एवढ्यावरून पाणी चांगले आहे असे म्हणता येत नाही. दूषित पाण्यात तो मरत नाही, पण त्याची त्वचा, कल्ले आणि त्या वायुपिशव्यांचे अस्तर झिजत असते. बाह्यत्वचेच्या पेशी झडतात, खालच्या पेशी त्यांची जागा घेतात आणि श्लेष्मपेशींची संख्या कमीअधिक होत राहते. बाजारात वळवळणारा, दिसायला धट्टाकट्टा मासा ऊतकाच्या पातळीवर आजारी असू शकतो, हे या अभ्यासांतून निघणारे तात्पर्य मासे विकणाऱ्याच्या आणि खाणाऱ्याच्याही उपयोगाचे आहे. मात्र एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. ऊतकातील विकृती पाहून त्या माशाच्या मांसात किती पारा वा शिसे आहे हे सांगता येत नाही. त्यासाठी मांसाचे रासायनिक पृथक्करणच करावे लागते.

काचपट्टी तयार होते कशी, हे माहीत असल्याशिवाय नमुना का वाया जातो हे कळत नाही. माशाच्या मृत्यूनंतर पेशींतील पाचकरसच पेशींना विरघळवू लागतात आणि जिवाणू त्यात भर घालतात. ही क्रिया ताबडतोब थांबविणे म्हणजे स्थिरीकरण. फॉर्मॅल्डिहाइडचा हा गुण जर्मन वैद्य ब्लूम याच्या १८९३ साली ध्यानात आला आणि आजही तेच द्रव्य सर्वाधिक वापरले जाते. स्थिर झालेल्या तुकड्यातील पाणी चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने काढतात, अल्कोहोल झायलीनने काढतात आणि मग ५६ ते ६० अंशांवर वितळलेल्या मेणात तो मुरवितात. मेणाच्या ठोकळ्याचे मायक्रोटोम यंत्रावर चार ते पाच मायक्रॉन जाडीचे छेद काढतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन असते, यावरून या छेदांची कल्पना यावी. कोमट पाण्यावर तरंगविलेला छेद काचेवर घेऊन रंगवितात. हिमॅटॉक्सिलिन या रंगाने पेशीकेंद्रके निळी-जांभळी होतात आणि इओसिनने उरलेला भाग गुलाबी होतो. हिमॅटॉक्सिलिन हे मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या गाभ्याच्या लाकडातून काढतात. एवढ्या कृत्रिम रसायनांच्या युगात प्रयोगशाळेचा मुख्य रंग अजूनही झाडापासून यावा, ही गोष्ट कृषिशास्त्राच्या वाचकास आवडेल अशी आहे.

येथे काशीचीच एक जुनी आठवण येते. काशिराज दिवोदास धन्वंतरी यांच्याकडून सुश्रुताने शल्यविद्या घेतली अशी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीर पाहण्याची रीत दिली आहे. ती अशी की शव मुंज, कुश, ताग इत्यादींनी गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि ते कुजून मऊ झाल्यावर वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर उघडा करावा. त्वचेचे सात थर तेथे सांगितले आहेत आणि पहिल्या अवभासिनी थराची जाडी व्रीहीच्या, म्हणजे भाताच्या दाण्याच्या, अठराव्या भागाएवढी दिली आहे. थर वेगळे करण्यासाठी प्राचीनांनी कुजण्याचीच मदत घेतली. आजच्या ऊतकविज्ञानाची सारी धडपड कुजणे पहिल्या काही मिनिटांतच रोखण्याची आहे, कारण पेशीच्या पातळीवरील रचना सात रात्री काय, सात तासही टिकत नाही.

कल्ल्यांच्या बाबतीत तर हा अवधी फारच थोडा असतो. मेलेल्या माशाची उपकला लवकरच पटलिकेपासून सुटू लागते आणि ते दृश्य प्रदूषणामुळे उपकला उचलली गेल्यासारखेच दिसते. डोक्यावर फटका मारून मासा मारला तर पटलिकांत रक्ताचे फुगे होतात आणि तेही विषबाधेच्या खुणेसारखेच दिसतात. बर्फपेटीत गोठविलेल्या माशाच्या पेशी बर्फाच्या स्फटिकांनी फाटलेल्या असतात. असे नमुने पाहून दिलेला निष्कर्ष नदीविषयी काहीच सांगत नाही, फक्त नमुना घेणाऱ्याविषयी सांगतो. प्रसिद्ध झालेल्या काही छायाचित्रांतील ‘विकृती’ देखील हाताळणीतील दोष असाव्यात, अशी शंका जाणकार घेत आले आहेत आणि ती रास्त आहे.

दुसरी अडचण अर्थ लावण्याची. मॅलट यांनी १९८५ साली कल्ल्यांच्या विकृतींवरील तोवरच्या साहित्याचा सांख्यिकीय आढावा घेतला आणि या विकृती बहुतांशी कारणनिरपेक्ष असतात, असे दाखविले. धातू, कीटकनाशक, अमोनिया, परजीवी यांपैकी काहीही असो, कल्ल्यांचा प्रतिसाद पुष्कळसा एकाच धर्तीचा. ‘पटलिका चिकटल्या आहेत, म्हणजे अमुक कारखान्याचे रसायन’ असे विधान ऊतकावरून करता येत नाही. सूक्ष्मदर्शक इजा किती आहे हे सांगतो. इजा कशाने झाली याचा शोध पाण्याच्या व ऊतकाच्या रासायनिक तपासणीने, परजीवींच्या पाहणीने आणि नदीकाठच्या चौकशीने घ्यावा लागतो. इजेचे मोजमाप वस्तुनिष्ठ व्हावे म्हणून बर्नेट व सहकाऱ्यांनी १९९९ साली सुचविलेली पद्धत आज बरीच रूढ आहे. तिच्यात प्रत्येक विकृतीस तिच्या गांभीर्यानुसार १ ते ३ भार आणि व्याप्तीनुसार ० ते ६ गुण देऊन त्यांचा गुणाकार करतात व बेरीज काढतात. काचपट्टी कोणत्या ठिकाणच्या माशाची आहे हे पाहणाऱ्यास माहीत नसावे, आणि तुलनेसाठी स्वच्छ पाण्यातील त्याच जातीचे, जवळपास त्याच वयाचे मासे असावेत, या दोन अटी पाळल्या नाहीत तर गुणांना अर्थ उरत नाही.

गंगेत सध्या या मोजमापाला विशेष निमित्त आहे. बराकपूर येथील केंद्रीय अंतर्देशीय मात्स्यिकी संशोधन संस्थेने ‘नमामि गंगे’ अंतर्गत रोहू, कटला, मृगळ या देशी कार्प माशांचे बीज नदीत सोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला असून त्यात वाराणसीचाही समावेश आहे. सोडलेल्या बोटुकलीची मोजदाद सोपी असते. ती तगली का, वाढली का आणि प्रजननक्षम झाली का, हे मात्र पुढे पकडलेल्या माशांच्या कल्ल्यांवरून, यकृतावरून आणि जननग्रंथींच्या छेदांवरून अधिक खात्रीने कळू शकते. बीजाचा खर्च सार्थकी लागला की नाही, हे घाटावरच्या मासेमारांच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्रात हाच प्रश्न दुसऱ्या एका पंचगंगेच्या काठी उभा आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमाने बनलेली कोल्हापूरची पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. तिच्या पात्रात मासे मरून तरंगल्याच्या बातम्या, विशेषतः प्रवाह मंदावलेल्या महिन्यांत बंधाऱ्यांच्या परिसरातून, वरचेवर येतात. दर वेळी पाण्याचे नमुने घेतले जातात, अहवाल येतो, दोष कोणाचा यावर वाद होतो आणि मेलेले मासे पुरले जातात. त्या माशांच्या ऊतकांत असलेला पुरावा पुरला जातो तो त्यांच्याबरोबरच. तरंगणारा, फुगलेला मासा ऊतकतपासणीच्या कामाचा नाही हे खरे. परंतु प्रत्येक मत्स्यमृत्यूत काही मासे अजून धडपडत असतात, काही काठाशी सुस्त पडलेले असतात आणि काही वरवर ठीक दिसतात. पुरावा त्यांच्यात असतो आणि तो घेण्यास प्रयोगशाळा नव्हे, तर तासाभरात काठावर पोहोचणारा, तयारी असलेला माणूस लागतो.

ही तयारी फार खर्चिक नाही. बाजारात मिळणाऱ्या फॉर्मॅलिनचा एक भाग व पाण्याचे नऊ भाग घेऊन, एका लिटर द्रावणात ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट मिसळले की उदासीन फॉर्मॅलिन तयार होते. हे क्षार न घातल्यास द्रावण आम्लधर्मी होऊन रक्ताळ ऊतकांत काळपट कण साठतात व छेद वाचता येत नाही. नमुन्यासाठी मरणासन्न तसेच निरोगी दिसणारे मिळून पाच-सहा मासे घ्यावेत आणि प्रवाहाच्या वरच्या, बाधा नसलेल्या भागातील तेवढेच मासे तुलनेसाठी घ्यावेत. मासा लवंग तेलाच्या द्रावणात निपचित करून लगेच उघडावा. प्रथम दुसऱ्या कल्लाकमानीचा तुकडा, मग यकृत व वृक्क, प्रत्येकी पाच मिलिमीटरपेक्षा जाड नसलेले तुकडे, तुकड्यांच्या किमान दहापट द्रावणात टाकावेत. बोटाएवढा लहान मासा असेल तर पोट चिरून अख्खाच टाकावा. बरणीवर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत सोडावी, शाईचे अक्षर द्रावणात टिकत नाही. तीत ठिकाण, दिनांक, वेळ, पाण्याचे तापमान व प्राणवायू यांची नोंद असावी. बरणी बर्फात किंवा शीतपेटीच्या गोठण कप्प्यात ठेवू नये. फॉर्मॅल्डिहाइड कर्करोगजनक आहे, म्हणून हातमोजे घालून मोकळ्या हवेत काम करावे आणि उरलेले द्रावण नदीत वा तळ्यात कदापि ओतू नये.

अशी बरणी आठवडाभर सुरक्षित राहते. रत्नागिरी, नागपूर व उदगीर येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालये किंवा मुंबईची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था यांच्याशी नमुना पाठविण्यापूर्वी बोलून घ्यावे आणि शक्य झाल्यास मासे मरण्याची वाट न पाहता पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर एकेकदा निरोगी माशांचे नमुने साठवून ठेवावेत. पुढच्या वेळी तुलनेसाठी स्वच्छ काळातला मासा हाताशी असेल तो त्यामुळेच.